अ‍ॅडजस्टेबल सेफ्टी रेझर: फिलर गेज लावून घेतलेली पहिली ओळख

दुधारी ब्लेडच्या साध्या रेझरमध्ये ब्लेडची धार आणि तिच्याखाली कातडी ताणून धरणारी पट्टी यांच्यामधली फट कारखान्यात एकदाच ठरते. ज्याच्या दाढीला ती मानवते त्याचे भागते आणि बाकीच्यांनी हात सांभाळून निभावून न्यायचे असते. अ‍ॅडजस्टेबल रेझरमध्ये हीच फट मुंडीखालची कडी फिरवून कमी-जास्त करता येते. असा एक रेझर मी नुकताच मागवला असून सध्या रोजची दाढी त्यानेच करतो आहे. सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझे लहानसे वर्कशॉप आहे आणि दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर असतो, त्यामुळे धातूची कोणतीही वस्तू घरात आली की तिचे आटे, तिचा खेळ (म्हणजे जोडांतला सैलपणा) आणि तिची मापे पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. या परीक्षणात दाढीइतकीच जागा मोजमापाने घेतली आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

बनवणाऱ्या कंपनीचे नाव मी लिहिलेले नाही. हा भारतात तयार झालेला, दोन हजार रुपयांच्या आत मिळणारा, एक ते पाच आकड्यांचा रेझर आहे. याच धर्तीचे रेझर एकापेक्षा अधिक कंपन्या विकतात आणि माझ्या हाती आलेल्या एका नगात जो दोष निघाला तो एखाद्या कंपनीच्या सगळ्या मालाला चिकटवणे योग्य होणार नाही. सांगलीत हरभट रोड आणि गणपती पेठ या भागांतल्या ज्या दुकानांत मी चौकशी केली तिथे तीन तुकड्यांचे साधे रेझर मिळत होते, आकड्यांचा मिळाला नाही, म्हणून तो ऑनलाइन मागवावा लागला.

रेझर हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवते ते वजन. वर्कशॉपच्या काट्यावर तो ११० ग्रॅमच्या किंचित वर भरला. दांडा पितळेचा, मुंडी जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव आणि दोन्हींवर क्रोमचा मुलामा, असे सोबतच्या पत्रकात छापले आहे. आटे पाहिल्यावर ते खरे वाटते, कारण तळाच्या नॉबचे आटे पितळेत स्वच्छ कापलेले दिसतात, तर मुंडीच्या आतल्या कोपऱ्यात साच्याची रेघ अजून बोटाला लागते. ती रेघ बाहेरून दिसत नाही आणि दाढीलाही नडत नाही, तरी कुणी दोन मिनिटे कानस मारली असती तर ती गेली असती. मुलामा एकसारखा बसला आहे. ओतीव जस्तावरचा क्रोम एकदा कुठे उडाला की आत पाणी शिरून फोड धरतात, म्हणून अशा वस्तूच्या कडा मी भिंगाखाली पाहतो. इथे अजून तरी त्या धड आहेत.

वजनाचा कल मुंडीकडे आहे आणि हे या रेझरचे पहिले चांगले लक्षण मानावे लागेल. तर्जनीवर आडवा तोलला तर तो कडीच्या थोडा खाली स्थिर राहतो. त्यामुळे दाढी करताना दाब द्यावा लागत नाही. रेझर गालावर टेकवून हलक्या हाताने ओढला की त्याच्याच भाराने ब्लेड काम करते. कार्ट्रिजच्या, म्हणजे पात्यांसकट अख्खी मुंडी बदलायच्या, हलक्या रेझरची सवय असलेल्या माणसाचा हात आपोआप दाबायला जातो आणि या रेझरवर दाबलेला हात लगेच रक्त काढतो, म्हणून नव्याने वळणाऱ्याने पहिला आठवडाभर तरी दांडा अगदी टोकाला, दोन बोटे आणि अंगठा यांतच धरावा. दांड्यावरचे नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी उठवलेली खरबरीत नक्षी, मात्र मला पसंत पडले नाही. नक्षी देखणी आहे, पण तिची खोली कमी आहे आणि साबणाचा हात लागला की दांडा बोटांत फिरतो. नर्लिंगचे रोलर आणखी थोडे आत दाबले असते तर खर्चात एका पैशाचाही फरक पडला नसता.

कडीवरचे आकडे कोरून त्यांत काळा रंग भरला आहे आणि खूण म्हणून मुंडीच्या मानेवर एक तांबडा ठिपका दिला आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला चष्मा लावून दाढी करता येत नाही आणि चष्मा काढल्यावर हे आकडे वाचता येत नाहीत, ही अडचण आकडे कोरणाऱ्याच्या लक्षात आलेली दिसत नाही. सुदैवाने प्रत्येक आकड्यावर कडीला हलका खटका बसतो. कडी उलट बाजूला पूर्ण टेकवली की तिथे एक असतो, आणि तिथून खटके मोजत पुढे गेले की डोळ्यांवाचून काम होते. साबणाच्या हाताने हा खटका जरा मंद लागतो, तेवढी सवय करावी लागते.

आता आतली रचना. तळाचा नॉब सैल केला की टोपी, म्हणजे ब्लेडवरचे झाकण, दांडीसकट वर येऊन हातात सुटते. टोपीच्या खालच्या अंगाला दोन लहान खुंट्या आहेत, त्यांवर ब्लेड बसवायचे, टोपी पुन्हा दांड्यात सोडायची आणि नॉब आवळायचा. ब्लेड मधल्या स्प्रिंगवरच्या बैठकीने टोपीला दाबलेले राहते आणि कडी फिरवल्यावर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या तेवढ्या वर-खाली सरकतात. आकडा बदलण्यापूर्वी नॉब थोडा सैल करावा, अशी सूचना पत्रकात आहे आणि ती पाळण्यासारखी आहे, कारण नॉब पक्का आवळलेला असताना कडी फिरवली तर सगळा ताण कडीच्या आतल्या आट्यांवर येतो, आणि असे आटे झिजायला लागले की आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

ही कल्पना नवी मुळीच नाही. फेकून देता येणारे पातळ ब्लेड वापरणाऱ्या रेझरचे पेटंट किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ साली मिळाले. त्याआधीच्या वर्षी, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्यांच्या कंपनीचे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडे विकली गेली होती. माझ्यासारख्या धातूकाम करणाऱ्याला जिलेट यांच्यापेक्षा त्यांचे सहकारी विल्यम निकरसन जास्त जवळचे वाटतात, कारण कागदासारख्या पातळ पोलादी पट्टीला पाणी देऊन (म्हणजे तापवून, विझवून कडक करून) तिला धार लावणे जमणार नाही असे जाणकार सांगत असताना ते काम करणारी यंत्रे त्यांनी उभी केली. पुढे १९५८ च्या सुमारास याच कंपनीने एक ते नऊ आकड्यांचा अ‍ॅडजस्टेबल रेझर बाजारात आणला. त्याच्या जाड दांड्यामुळे त्याला ‘फॅटबॉय’ हे टोपणनाव पडले आणि जुन्या वस्तू जमवणारे आजही तो शोधत असतात. त्याच्यावर ठोकलेल्या अक्षर-आकड्यांवरून तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या तिमाहीत बनला हेही कळते. १९७१ साली दोन पात्यांची कार्ट्रिज आली आणि हा सगळा प्रकार मागे पडत गेला. जर्मनीतल्या झोलिंगेन गावच्या मर्कूर या कंपनीने मात्र अ‍ॅडजस्टेबल रेझर बनवणे चालू ठेवले, आणि आता आपल्याकडेही ते बनू लागले आहेत.

आकड्यांचा खरा अर्थ पाहण्यासाठी रेझर वर्कशॉपमध्ये नेला. फिलर गेज म्हणजे नेमक्या जाडीच्या पातळ पात्यांचा, फट मोजायचा संच. त्याची पाती चांगल्या ब्लेडवर चालवली तर धार जाते, म्हणून वापरून संपलेले ब्लेड बसवले आणि प्रत्येक आकड्यावर ब्लेडची धार आणि पट्टी यांच्यामध्ये जे पाते किंचित अडत सरकेल ते त्या फटीचे माप धरले. डाव्या बाजूला एकवर ०.४५ मिलिमीटर, दोनवर ०.५५, तीनवर ०.७०, चारवर ०.८५ आणि पाचवर १.०० अशी मापे आली. म्हणजे एकवरून दोनवर जाताना फट ०.१० ने वाढते आणि त्यापुढे प्रत्येक आकड्याला ०.१५ ने. हाताला हे जाणवते: एक आणि दोन यांच्या दाढीत फारसा फरक लागत नाही, दोन आणि तीन यांच्यात लगेच लागतो. शिवाय कडीला थोडा खेळ आहे. तीनवर दोनकडून चढत आलो तर एक माप येते आणि चारकडून उतरत आलो तर फट केसभर जास्त भरते. यावर कोणताही यंत्रकाम करणारा जो उपाय सांगेल तोच इथेही लागू आहे, तो असा की माप नेहमी एकाच बाजूने चढत येऊन लावावे.

याच तपासणीत दोष सापडला. दोन्ही बाजूंची फट सारखी नाही; उजव्या बाजूची जवळजवळ प्रत्येक आकड्यावर ०.०५ ने जास्त आहे. ब्लेडच वाकडे असेल म्हणून ते उलटसुलट फिरवून बसवले, तरी फरक त्याच बाजूला राहिला. मग टोपी अर्धा फेरा फिरवून बसवली तेव्हा फरक दुसऱ्या बाजूला गेला. याचा अर्थ पट्ट्या आणि बैठक निर्दोष आहेत आणि टोपीवरच्या दोन खुंट्या मध्यरेषेपासून किंचित सरकलेल्या आहेत, त्यामुळे ब्लेड एका अंगाला थोडे जास्त बाहेर येते. ०.०५ मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण ब्लेडची जाडीच मुळी ०.१० मिलिमीटर असते हे ध्यानात घेतले तर ते डोळ्याआड करता येत नाही. गालाला हा फरक कळत नाही, गळ्याला कळतो. मी टोपीच्या जास्त धारेच्या बाजूला मुलीच्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला आहे. ठिपक्याची बाजू गालाला आणि बिनठिपक्याची गळ्याला वापरतो. ही सोय झाली, तरी दोष तो दोषच, आणि या किमतीला तो नसायला हवा होता.

फट वाढली की दाढी अधिक गुळगुळीत होते, असा समज या रेझरबद्दल बोलणाऱ्या बऱ्याच लोकांत दिसतो. प्रत्यक्षात फट वाढल्यावर तिच्यात कातडी जास्त फुगून येते आणि ब्लेडची धार अधिक उघडी पडते. त्यामुळे लांब आणि दाट केस एका ओढीत कापले जातात, साबण आणि केस फटीत तुंबत नाहीत, पण त्याच वेळी कातडीही धारेच्या जास्त जवळ येते. मोठ्या फटीचा खरा उपयोग माल पुष्कळ काढायचा असतो तेव्हा, आणि गुळगुळीतपणा येतो तो शेवटच्या हलक्या हातावर. लेथवर जॉब घेतो तेव्हा आधी मोठा कट देऊन रफिंग करतो आणि मग बारीक कट देऊन फिनिश मारतो, दोन्ही एकाच कटने करायला गेलो तर एकतर वेळ जातो नाहीतर पृष्ठभाग फाटतो; दाढीचे तंतोतंत तसेच आहे आणि आकड्यांच्या रेझरची उपयुक्तता मला याच एका गोष्टीत दिसते. जो माणूस आपला आकडा एकदा शोधून मग वर्षभर कडीला हात लावत नाही, त्याने साधा रेझर घेतला असता तरी चालले असते.

रोजची दाढी मी दोनवर करतो. आदल्या दिवशीची खुंटे तेवढ्या फटीत व्यवस्थित कापली जातात, एक सुलटा (केसांच्या दिशेने) हात, मग साबण पुन्हा लावून एक आडवा हात, आणि गालावरून पालथी मूठ फिरवली तर कुठे काही लागत नाही. एकवर तेच काम व्हायला हात जास्त मारावे लागतात, आणि हात वाढले की जळजळ वाढते, म्हणजे सगळ्यांत सौम्य आकडा कातडीला सगळ्यांत सौम्य ठरतोच असे नाही. नवशिक्या माणसाला ‘एकपासून सुरुवात कर’ असे सांगण्याची पद्धत आहे. माझ्या मते राठ केसांच्या माणसाने दोनपासूनच सुरुवात करावी.

आमच्या घरात शनिवारी दाढी न करण्याचा रिवाज आहे, आणि एखाद्या शुक्रवारी कामाच्या घाईत राहून गेली तर रविवारी सकाळी तीन दिवसांची दाढी समोर असते. अशा दाढीवर हा रेझर आपले पैसे वसूल करतो. साध्या रेझरने तिथे केस ओढल्यासारखे होतात आणि दर ओढीला मुंडी नळाखाली धरावी लागते. इथे कडी चारवर नेऊन दोन्ही गाल, जबडा आणि ओठाखालचा भाग सुलट्या हाताने एकदा काढून घेतला, नॉब सैल करून कडी दोनवर आणली आणि दुसरा हात आडवा मारला की काम झाले. केस कापताना येणारा खरखर आवाज पहिल्या हाताला स्पष्ट ऐकू येतो आणि दुसऱ्या हाताला जवळपास बंद होतो, त्यावरून कुठे काय राहिले आहे हेही कळते. पाचवरही एकदा मुद्दाम करून पाहिली. गालावर चालते, पण जबड्याच्या कोपऱ्यावर आणि हनुवटीवर रक्ताचे बारीक ठिपके उमटले आणि तुरटी लावल्यावर ते चांगलेच झोंबले. माझ्या चेहऱ्याला पाचची गरज नाही. श्रावण पाळणाऱ्यांची महिन्याची दाढी मात्र पाचवरही थेट काढता येणार नाही; ती आधी कात्रीने किंवा ट्रिमरने उतरवावी, मग चारवर यावे.

गळ्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती रेझरने सुटत नाही. विश्रामबागेतल्या सलूनमध्ये मी केस कापायला जातो, तिथल्या कारागिराला एकदा हा रेझर दाखवला. त्याने कडी फिरवून पाहिली, आकडे पाहिले, मग माझी मान वर करून अंगठ्याने कातडी ताणून बघितली आणि म्हणाला, “काका, तुमची घाटीखालची केसं डावीकडनं उजवीकडं जात्यात. तितं सरळ खाली वडलं की कच्चीच ऱ्हाणार, मशीन कुठलं बी असू द्या.” वर्षानुवर्षे तो माझी दाढी अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्याने करीत आला आहे, त्यामुळे माझ्यापेक्षा माझा गळा त्याला जास्त ठाऊक. तेव्हापासून गळ्यावर दोनच्या पुढे न जाता, बिनठिपक्याच्या बाजूने, आडवा हात मारतो आणि तिथली पुटकुळ्यांची तक्रार बरीच कमी झाली आहे. कुठलाही रेझर घेण्याआधी बोटांनी चाचपून आपल्या केसांची दिशा पाहून घ्यावी, हा सल्ला फुकट आहे आणि त्याचा उपयोग दोन हजारांच्या वस्तूपेक्षा अधिक होतो.

ब्लेडचा प्रश्न आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण आकडा ज्याची फट ठरवतो ती वस्तू ब्लेडच आहे. आपल्या पिढीने घरात टोपाझ, भारत, सेव्हन ओ’क्लॉक आणि ठाण्याची सुपरमॅक्स अशी पाकिटे पाहिली आहेत आणि किराणा दुकानात आजही यांतले काही ना काही मिळते. पाच ब्लेडच्या पाकिटाला पंचवीस-तीस रुपये पडतात, तेव्हा एका कार्ट्रिजच्या किमतीत दोन-चार महिन्यांची सोय होते. या रेझरमध्ये सेव्हन ओ’क्लॉकचे ब्लेड दोनवर फार सुरेख चालले. जपानी फेदरचे ब्लेड धारेसाठी नावाजलेले आहे. तेही लावून पाहिले, आणि ते वापरताना कडी दोनवरून एकवर आणली तेव्हा कुठे हात निर्धास्त झाला. ही सोय साध्या रेझरमध्ये नाही. तिथे ब्लेड बदलले आणि ते जास्त धारेचे निघाले तर पाकीट बाजूला टाकावे लागते, इथे एक खटका मागे यायचे आणि पाकीट संपवायचे. ब्लेड जुने होत चालले, केस ओढायला लागले, की एक खटका पुढे जाऊन आणखी एखादी दाढी काढता येते, असेही लोक सांगतात. त्याला माझा पाठिंबा नाही. मंद धारेला मोठी फट देणे म्हणजे कातडी सोलून घेण्याची तयारी. पाच-सहा रुपयांच्या ब्लेडसाठी एवढा लोभ करू नये.

साबणाबद्दल थोडेच लिहितो. सांगलीत नळाला कृष्णेचे पाणी येते आणि कुपवाडच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी बोअरवर भागवावे लागते. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस धरत नाही, धरला तर तो लवकर बसतो, आणि फेस बसलेल्या गालावर चारचा आकडा चालवणे धोक्याचे आहे. घरी नळाच्या पाण्यात ब्रशने दोन मिनिटे फेस केला तर तो शेवटपर्यंत टिकतो, वर्कशॉपच्या पाण्यात टिकत नाही, म्हणून तिथे कधी घाईत दाढी करायची वेळ आलीच तर घरून पाण्याची बाटली भरून नेतो आणि कडी दोनच्या पुढे नेत नाही. दाढीपूर्वी गरम पाण्याने चेहरा नीट भिजवला की केस मऊ पडतात, हे सर्वांना माहीत असते आणि बहुतेक जण ते करीत नाहीत.

साफसफाई सोपी आहे, पण साध्या रेझरइतकी नाही. तीन तुकड्यांचा रेझर उघडून नळाखाली धरला की झाले. इथे कडीच्या आत साबणाचा थर साचतो आणि काही दिवसांनी खटका बोथट लागू लागतो. आठवड्यातून एकदा टोपी काढून, कडी पाचवर उघडून, जुन्या दातांच्या ब्रशने कोमट पाण्यात घासून घेतली आणि कोरडी झाल्यावर आट्यांवर शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला की ती पुन्हा मोकळी होते. तुरटीचा खडा चेहऱ्याला उत्तम, पण तो लावलेल्या ओल्या हाताने रेझर धरून तसाच ठेवू नये; तुरटीचे पाणी ब्लेडच्या धारेला आणि मुलाम्याला दोन्हींना वाईट. वापरलेली ब्लेडे मी मलमाच्या पत्र्याच्या डबीला खाच पाडून तिच्यात टाकतो आणि डबी भरली की चिकटपट्टीने बंद करून भंगारवाल्याला आत काय आहे ते सांगून देतो, कारण घंटागाडीत मोकळे ब्लेड टाकले तर ते कुणाच्या तरी बोटात शिरतेच.

हा रेझर कुणी घ्यावा, तर ज्याची दाढी रोज सारखी नसते त्याने: पाळीवर जाणारा, शनिवार-गुरुवार पाळणारा, फिरतीवर असणारा, किंवा निरनिराळी ब्लेडे वापरून पाहण्याची आवड असलेला. ज्याची दाढी विरळ आहे आणि जो रोज सकाळी नेमाने करतो, त्याने चारशे-पाचशे रुपयांचा तीन तुकड्यांचा साधा रेझर घ्यावा, त्याचे काहीही अडणार नाही. माझ्या वर्कशॉपमधली पोरे २०१० साली आपल्याकडे आलेल्या एका पात्याच्या ‘जिलेट गार्ड’ रेझरवर समाधानी आहेत, आणि त्यांच्या कोवळ्या दाढ्या पाहता त्यांना या खर्चात पाडण्याचे मला काही कारण दिसत नाही. धातूकाम, वजन आणि कडीची रचना यांना मी चांगले गुण देतो. नर्लिंग, आकड्यांचा आकार आणि टोपीच्या खुंट्या यांचे गुण कापतो. टोपीबद्दल विक्रेत्याला मोजमापासह कळवले तेव्हा त्याने बदली टोपी पाठवण्याची तयारी दाखवली आहे. ती आली की तिलाही गेज लागेल.

मागवणाऱ्याने पार्सल उघडल्यावर दाढी करण्याची घाई करू नये. ब्लेड बसवून कडी एकवर आणावी, रेझर उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंच्या फटी टोकाकडून पाहाव्यात आणि धार पट्टीला समांतर आहे का ते बघावे. गेज नसेल तर साध्या वहीच्या कागदाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून दोन्ही बाजूंना सरकवून पाहिल्या तरी फरक कळतो. फरक दिसला तर टोपी फिरवून पुन्हा पाहावे, फोटो काढावेत आणि परतीची मुदत संपण्याआधी विक्रेत्याला पाठवावेत. एकदा साबण लागलेला रेझर वापरलेला म्हणून परत घ्यायला विक्रेते नाखूश असतात.